ठेकेदार बदलला, छाती तीच

प्रश्न : हृदयविकार साहेब लोकांनाच जास्त होतो ना? ताण त्यांनाच असतो.

उत्तर : हे ऐकून कान किटले. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांची 'व्हाइटहॉल' पाहणी १९६७ मध्ये सुरू झाली. तिच्यात अगदी खालच्या श्रेणीतल्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाले. धूम्रपान, रक्तदाब हिशेबात धरूनही फरक मिटला नाही. साहेबाला ताण असतो, पण कधी उठायचं तेही तोच ठरवतो. शिपाई घंटीची वाट पाहत बसतो.

प्रश्न : वर्षभरात रात्रपाळी अंगवळणी पडते का?

उत्तर : बहुतेकांना नाही. रक्तदाब आणि साखर तपासून घ्या.

प्रश्न : आठवड्याला साठ तास भरतात. ओव्हरटाइम मिळतो, तब्येतही ठणठणीत आहे. चालेल?

उत्तर : ठणठणीत वाटतं, की मोजलंय? जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२१ च्या अभ्यासानुसार, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक. डॉक्टरांना तास सांगा, ते स्वतःहून विचारत नाहीत.

प्रश्न : नऊ वर्षं दगड कापतो, तीन ठेकेदार झाले. महिनाभर कोरडा खोकला आहे. कायम कामगारांचे एक्स-रे निघतात, आमचे नाही. रुमाल बांधतो, पुरेल का?

उत्तर : नाही. फुप्फुसात खोल उतरणारी सिलिकाची, म्हणजे दगडातल्या खनिजाची, धूळ डोळ्यांना दिसतही नाही, रुमाल तिला काय अडवणार? 'फुप्फुसं साफ करणाऱ्या' बाटल्यांवर पैसे घालू नका. या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार, सिलिकोसिस, बरा होत नाही, तो टाळावाच लागतो. आधी पाणी मारत कापणं आणि धूळ खेचणारं यंत्र, त्यानंतर योग्य मास्क. मालक मात्र मास्क वाटून मोकळे होतात.

खरी मेख पुढे आहे. हा आजार उघड व्हायला बहुधा दहा वर्षं किंवा जास्त लागतात, आणि कंत्राट दर थोड्या दिवसांनी बदलतं. छाती भरून येते तेव्हा जुना ठेकेदार सापडत नाही, नवा म्हणतो हा माणूस आजारीच आला होता. भरपाईचा दावा लावायचा कुणावर? माझ्याकडे आलेल्या एकाच्या केसपेपरवर तीन वर्षं 'दमा' लिहिलेलं होतं. काम काय करता, हे कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून हजेरी कार्ड, पगाराची चिठ्ठी, गेटपास जपून ठेवा. सिलिकामुळे क्षयाचा धोकाही वाढतो, तेव्हा एक्स-रे, थुंकीची तपासणी आणि स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसांची ताकद मोजायची तपासणी) याच आठवड्यात करा. व्यवसायजन्य आजारांचे डॉक्टर गाठा.

प्रश्न : असलं काम सोडून दोन वर्षं झाली. आता तपासून उपयोग?

उत्तर : आहे. धूळ थांबली तरी आजार वाढत राहू शकतो. येताना जुनी कार्डं आणा.