डाग कात्रणाच्या आकाराचा आहे की ब्रशच्या फटकाऱ्यांचा, हे आधी पाहा

जुनी पत्रे, तिकिटे आणि वर्तमानपत्रांची कात्रणे लावून सजवलेल्या तुमच्या जर्नलच्या पानांवर तपकिरी डाग उमटले, आणि विक्रेत्याने ‘जुना कागद म्हटल्यावर असे होणारच’ असे सांगून विषय मिटवला, हे वाचून मला माझेच जुने दुखणे आठवले. मांडणी आणि रंगसंगतीविषयी मी काही लिहीत नाही. ते तुम्हाला उत्तम जमते, हे छायाचित्रांत दिसतेच आहे.

लाकडाच्या लगद्याचा कागद करण्याची पद्धत १८४० च्या दशकात निघाली आणि पुढे वर्तमानपत्रे त्याच कागदावर छापली जाऊ लागली. त्यातले लिग्निन (लाकडातला एक नैसर्गिक घटक) उजेडाने पिवळे पडते आणि कागदातले आम्ल लगतच्या पानावर उतरते. मात्र असा डाग समोरच्या पानावर कात्रणाच्याच आकारात, सलग उमटतो. तुमच्या दुसऱ्या छायाचित्रातला डाग तसा नाही. तो पट्ट्यापट्ट्यांचा आहे, ब्रश जिथे उचलला तिथे गडद आहे आणि पानाच्या पाठीवर तेलकट होऊन पारदर्शक दिसतो आहे. माझ्या मते दोष गोंदाचा आहे आणि तो गोंद बहुधा रबर सोल्युशन, म्हणजे द्रावकात विरघळवलेले रबर, असावा.

रबर सोल्युशनचा मोह मला समजतो, कारण त्यात पाणी नसल्यामुळे पान फुगत नाही आणि पहिल्या दिवशी काम अगदी सपाट, नेटके दिसते. पुढे हवेतल्या ऑक्सिजनने ते रबर चिकट होऊन कागदात झिरपते, आणि त्यानंतर कडक, ठिसूळ होऊन पकड सोडते. मला ते ‘फोटोंसाठी सुरक्षित, ॲसिड-फ्री’ म्हणून विकले गेले होते. माझी जुनी पत्रे त्याने डागाळली, तेव्हा तक्रार केल्यावर कंपनीच्या ग्राहक विभागाने आधी पावती मागितली, मग डबीवरचा क्रमांक, मग छायाचित्रे, आणि अखेरीस सारे खापर माझ्या खोलीतल्या दमट हवेवर फोडले. डागाळलेल्या एका पत्राचा उरलेला अर्धा तुकडा त्याच वहीत, गोंद न लावता, नुसता घालून ठेवलेला होता आणि त्यावर एकही डाग नव्हता. दोन्ही तुकडे शेजारी ठेवून काढलेले छायाचित्र पाठवल्यावर मात्र उत्तर येणेच बंद झाले. गेलेली पत्रे मूळ होती, त्यांच्या प्रती नव्हत्या, म्हणून हा कडवटपणा अजून जात नाही. ‘ॲसिड-फ्री’ या शिक्क्यावर माझा आता काडीचाही विश्वास नाही. उत्पादन करताना आम्ल नव्हते एवढेच त्यातून कळते, तो पदार्थ पुढे कसा जुना होईल हे कळत नाही.

मी स्वतः मूळ कागदांसाठी गव्हाच्या स्टार्चची घट्ट शिजवलेली खळ वापरते, कारण ओलावा देऊन ती पुन्हा सोडवता येते. पांढरा पीव्हीए (फेव्हिकॉलसारखा) गोंद टिकाऊ असला तरी एकदा बसला की तुकडा सहसा फाटूनच निघतो, त्यामुळे तो प्रतींपुरता ठेवावा. खळीतल्या पाण्याने पान फुगते, हे खरे आहे. पण थर पातळ द्यावा, दोन्ही बाजूंना बटर पेपर आणि टिपकागद घालून पान वजनाखाली पूर्ण वाळू द्यावे, आणि मधे एकदा टिपकागद बदलावा. प्रती काढायच्या असतील तर लेझर प्रिंटरवर काढाव्यात, कारण इंकजेटची शाई बहुधा पाण्याने पसरते.

थोडे विषयांतर होईल, पण जुन्या पत्रांवर करडा, पेन्सिलीसारखा मजकूर असेल तर ओला गोंद लावण्यापूर्वी एखाद्या अक्षराच्या टोकाला ओलसर कापसाचा बोळा अगदी हलका टेकवून पाहावा. कॉपिंग पेन्सिलीतला (शिशात रंग मिसळलेल्या जुन्या पेन्सिलीतला) रंग पाणी लागताच जांभळा होऊन पसरतो आणि तो परत जात नाही.

मी कागद-संवर्धनातली तज्ज्ञ नाही, त्यामुळे मौल्यवान कागद असेल तर जाणकाराला दाखवूनच हात लावावा. तुमची पाने माझ्याकडे असती तर सुटू लागलेले तुकडे मी पातळ, बोथट पात्याने उचलले असते, मागचा चिकट थर क्रेप रबराने (चिकट गोंद उचलणाऱ्या रबराच्या तुकड्याने) हलकेच गोळा केला असता, आणि ते पूर्ण सुटेपर्यंत प्रत्येक दोन पानांमध्ये सिलिकॉनचा लेप असलेला कागद घातला असता. कागदात मुरलेला डाग जाईल, अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. द्रावके वापरून तो काढण्याच्या चित्रफिती पुष्कळ आहेत. बंद खोलीत तो प्रयोग तर मुळीच करू नका.