साबुदाणा चालतो का?

प्रश्न : लेंतकाळ, म्हणजे ईस्टरआधीचे आम्हा ख्रिस्ती लोकांचे उपासाचे दिवस, लागला की शेजारच्या काकू विचारतात, “तुमच्या उपासाला साबुदाणा चालतो का?” मला सांगता येत नाही. शिवाय मला शुगर आहे, उपाशी राहिलं की चक्कर येते. चर्चच्या मंडळीतल्या बायका एक वेळ जेवतात. माझा लेंतकाळ वाया जातो का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण चुकवू नका. कॅथलिक मंडळीत राखेच्या बुधवारी, म्हणजे लेंतकाळाच्या पहिल्या दिवशी, आणि उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, उपासाचा नियम आहे, तिथेही आजाऱ्याला सूट असते. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळीत तर ज्याचा त्याचा निश्चय. चालतं, चालत नाही अशी यादीच नाही. काकूंना सांगा, साबुदाणा काय नि भाकरी काय, आम्हाला सारखंच.

प्रभू येशूने अरण्यात चाळीस दिवस उपास केला, त्याची आठवण म्हणून हे 40 दिवस. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलं तर 46 भरतात. मधले सहा रविवार प्रभूच्या पुनरुत्थानाचे, ते उपासात धरत नाहीत.

पण मला लेंतकाळ कळला तो आईच्या डालड्याच्या डब्यातून. मीही सोलापूरचीच, गिरणी कामगाराच्या चाळीत वाढलेली. या दिवसांत आई दळण काढताना रोज मूठभर ज्वारी त्या डब्यात टाकायची. तेवढं पीठ कमी, म्हणून तिच्या ताटात अर्धीच भाकरी. शुक्रवारी अंधार पडला की पदराआड डबा घेऊन मागच्या खोलीत जायची. तिथे विड्या वळणारी एक विधवा बाई दोन पोरं घेऊन राहायची. आई बोलायची नाही, आम्हालाही बोलू द्यायची नाही. उपास करताना तोंड धू, डोक्याला तेल लाव, लोकांना दिसू देऊ नकोस, हे बायबलातल्या मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं प्रभूचं सांगणं मी पुढे वाचलं. यशयाचा 58 वा अध्यायही तेव्हाच उलगडला : देवाला आवडणारा उपास म्हणजे आपली भाकर भुकेल्याला वाटून देणं. नुसतं पोट रिकामं ठेवून उरलेलं डब्यात झाकून ठेवलं, तर तो उपास मला अर्धाच वाटतो.

तेव्हा ताई, तुम्ही वेळेवर, पोटभर जेवा. रोज मूठभर ज्वारी तेवढी बाजूला काढा. ती शुक्रवारी कुणाच्या घरी जायची, हे काकूंनाच विचारा. गल्लीत कुणाची चूल पेटत नाही, हे त्यांना नक्की ठाऊक असेल.