मिरजेला एका दिवसात काय बघता येईल, आणि तंबोरा घ्यायचा तर पारखायचा कसा?

ठाण्याहून महालक्ष्मीने येणार, पहाटे मिरजेला उतरणार, रात्री परतणार. मधल्या वेळात गाव बघायचं, गाणं शिकणाऱ्या मुलीसाठी जमलंच तर तंबोरा घ्यायचा, 'नाहीतर ॲप आहेच', असं तुम्ही लिहिलंय. ॲप म्हणजे मोबाइलवर तंबोऱ्याचा सूर वाजवणारं. हे उत्तर त्या शेवटच्या तीन शब्दांमुळे लिहितोय. बघण्याचं आधी उरकतो.

मीरासाहेबांचा दर्गा सकाळीच करा. आवारात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. 27 ऑक्टोबर 1937 ला पाँडिचेरीच्या वाटेवर सिंगपेरुमाळकोविल स्टेशनावर त्यांचं निधन झालं आणि दफन इथे मिरजेत झालं. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं, पण तारीख चांद्र महिन्यांवर ठरते आणि दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे येते. मागच्या वर्षीची तारीख धरून तिकीट काढू नका. नवरात्रात आलात तर अंबाबाईच्या देवळातलं गाणं सोडू नका. नृसिंहवाडी जवळ आहे, खिद्रापूरचं कोपेश्वर तर तिच्याहून सरस, पण तंबोरा घ्यायचा असेल तर दोन्ही विसरा. तंबोरा दोन तासांत घेतला जात नाही.

आता सतारमेकर गल्ली. इथले वाद्य बनवणारे मूळचे शिकलगार, तलवारी-भाल्यांना धार लावणारे. शस्त्रांचं काम आटलं तसे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब वाद्यांकडे वळले, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच चालू आहे. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे फोटो काढणारे वाढले, पारखणारे नाही. शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ टाळून जा.

आधी मुलीच्या गुरूंकडून तिची पट्टी, म्हणजे ती पेटीच्या कुठल्या स्वराला सा धरून गाते ते, लिहून आणा. काळी चार-पाच असेल तर लेडीज तंबोरा, म्हणजे उंच पट्टीचा लहान तंबोरा. काळी एकच्या मोठ्या तंबोऱ्याला ताणून काळी पाचवर नेता येत नाही. तारा तुटतात, किंवा दांडी वाकते. उलट लेडीज तंबोरा फार उतरवला तर तारा ढिल्या पडून नुसत्या फडफडतात.

नक्षीला पैसे मोजू नका. दांडीवरची वेलबुट्टी आवाजात काडीची भर घालत नाही. भोपळा बघा. हे कडू भोपळे पंढरपूर-सोलापूरकडून येतात. भोपळा आणि दांडी जुळतात त्या गळ्यापाशी पॉलिशखाली भुसा आणि सरस भरल्याचा पट्टा दिसतो का, ते उजेडात तिरपं धरून तपासा. तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी पाटीवर, बोटाच्या पेराने सगळीकडे टिचकी मारा. एका जागी आवाज बद्द आला किंवा आत काही खरखरलं, तर भेग किंवा सुटलेला जोड आहे. तारा जिच्यावरून जातात त्या घोडीखाली तबली किंचित फुगीर हवी. तिथे खड्डा पडला असेल तर सरळ पुढचं दुकान. मग तळाकडून एक डोळा मिटून दांडी बघा, बाक लगेच कळतो.

तारा स्वतःसमोर लावून घ्या: पंचम, दोन जोड (मधल्या सा च्या तारा), पितळी खर्ज (खालचा सा). घोडीपलीकडचे सूर बारीक जुळवायचे मणी मध्यावर असताना सूर लागला पाहिजे, म्हणजे पुढे दोन्ही बाजूंना सरकवायला जागा उरते. चहा पिऊन या आणि पुन्हा छेडा. उतरला असेल तर खुंटी भोकात नीट बसलेली नाही. थोडा खडू लावून भागतं, पण चारही खुंट्या घसरत असतील तर भोकंच वाकडी कोरलीत.

खरी परीक्षा जवारीची, म्हणजे घोडीमुळे तारेला येणाऱ्या झंकाराची. घोडी वरून सपाट नसते, अगदी सूक्ष्म उतार असतो, आणि थरथरणारी तार त्या उतारावर टेकत-सुटत राहते. त्यातून वरचे उपस्वर, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणारे उंच सूर, पेटतात. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वराचा निश्चल बिंदू येतो, तो उपस्वर एरवीच्या नियमाने उमटायलाच नको. तंबोऱ्यात तोही उमटतो. सी. व्ही. रामन यांनी यावर 1921 मध्ये निबंध लिहिला आहे. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवलेला असतो; दुकानात चारही दोरे काढायला लावा. बिनदोऱ्याच्या चारही तारांचा आवाज साधारण एका जातीचा हवा. मग तार छेडत दोरा हळूहळू सरकवा. एका जागी आवाज उघडतो, जरा पुढे गेलं की पुन्हा मिटतो. चार तारांच्या या जागा एकमेकींपासून फार लांब असतील, तर घोडी नीट घासलेली नाही. तिथेच बसून परत घासून घ्या. चांगला कारागीर कुरकुर करत नाही. दोरा साधा सुती आणि बारीक. जाड दोऱ्याने तार उचलली जाते आणि जवारी मरते. तारांच्या खाचा पडल्या की घोडी पुन्हा घासावी लागते, तेव्हा ठाण्या-मुंबईत हे काम कोण करतं, तेही इथेच विचारून ठेवा.

आता ॲप. आमचे मेहुणे वर्षानुवर्षं हेच सांगतात, की सूर तो सूर, मग तो डब्यातून आला तर काय बिघडलं? बिघडतं. काळी चारचा खर्ज साधारण 104 हर्ट्झला येतो. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला तो धड पेलवत नाही. तुम्हाला ऐकू येते ती बहुतेक वरची झिणझिण. खर्जाचा पाचवा उपस्वर म्हणजे गंधार. खर्ज सुरात लागला की तो कुणी न छेडता कानावर येतो. तो ऐकत तार मिळवायची, हेच शिक्षण. ॲपमध्ये मिळवायचं काम दुसऱ्याने करून ठेवलेलं असतं; पोर नुसती त्याच्या मागे गाते. मेहुणे गात नाहीत, हेही नमूद करतो.

एक सांगायचं राहिलं. मुलीला शिकायला लागून वर्षही झालं नसेल, किंवा घरात तंबोरा जुळवू शकणारं कुणीच नसेल, तर वर्षभर थांबा. बेसूर तंबोऱ्यापेक्षा ॲप बरं. हो, मेहुण्यांचं इतकंच मान्य. प्रवासात आणि लोकलमध्येही तेच चालेल.

घेतलाच तर निघण्याआधी तारा स्वर-दीड स्वर उतरवा. पूर्ण सोडू नका. घोडी बहुधा तारांच्या दाबावरच उभी असते, ती सरकते. तरीही तबलीवर घोडीच्या कडेने पेन्सिलीची बारीक खूण करून ठेवा. गादीचा बॉक्स घ्या, नुसती कापडी खोळ नको. मोटारीने गेलात तर मागच्या सीटवर, भोपळ्याखाली उशी. डिकीत ठेवू नका, उन्हाने सरस मऊ पडून जोड सुटतात. घरी पोचल्यावर लगेच पट्टीवर चढवू नका. ठाण्याच्या दमट हवेत एक दिवस तसाच राहू द्या, मग एकेक तार थोडी थोडी वर घ्या, खर्ज सगळ्यात शेवटी.