कासेची सोनोग्राफी: सुरुवातीला एवढंच करा

मशीन घेतलंत, छान केलंत डॉक्टर! पण लगेच दगडीच्या (कासदाह झालेल्या) गाई शोधत फिरू नका. आधी निरोगी कास भरपूर बघा. नजर तिथेच तयार होते.

प्लास्टिकच्या ग्लासात कोमट पाणी घेऊन सड त्यात बुडवा, प्रोबला (मशीनच्या हातात धरायच्या भागाला) जेल लावून तो ग्लासाला बाहेरून टेकवा. सड दाबला जात नाही, चित्र स्वच्छ येतं. दूध काळं दिसतं, भिंत करडी. दुधात पांढरे ठिपके तरंगताना दिसले तर संशय घ्या आणि सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, म्हणजे कासदाहासाठी दुधाची चाचणी) कराच. जंतू कोणता, हे सोनोग्राफी सांगत नाही.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- एक गाय धारेआधी, दुसरी धारेनंतर बघतात. धारेनंतर सडाची भिंत जाडावते; वेळ एकच ठेवा.
- एकाच सडावरून निदान करतात. जोडीचा सड बघाच.
- तेच पाणी पुढच्या गाईला वापरतात.

डॉप्लरचं, म्हणजे रक्तप्रवाह बघायच्या सोनोग्राफीचं, नंतर बघू.