हर्मिट क्रॅब (शंखात राहणारा खेकडा) वाळूत गडप झालाय, उकरून बघू का? त्यांना ठेवायचं कसं, खायला काय द्यायचं?

उकरू नका. मुलीसाठी आणलेल्या दोघांपैकी एक चार दिवस वर आलेला नाही म्हणता, तर तो बहुतेक कात टाकतोय. जुनं कवच टाकल्यावर नवं टणक होईपर्यंत अंग अगदी मऊ असतं. महिना-दोन महिने लागतात, मोठ्याला त्याहून जास्त. मध्येच उकरलं तर जीव जाऊ शकतो. मेला असेल तर सडक्या मासळीचा वास सुटतो. वास नसेल तर थांबा. टाकलेलं कवच दिसलं तरी तिथंच राहू द्या, ते खाऊनच तो कॅल्शियम भरून काढतो.

खरी काळजी तुमच्या जाळीच्या पिंजऱ्याची वाटते. हे खेकडे जमिनीवर राहतात, पण श्वास घेतात कल्ल्यांनी. हवा कोरडी झाली की हळूहळू गुदमरतात, आणि तसं व्हायला आठवडे लागत असल्यामुळं आपल्याला कळतही नाही. आर्द्रता ७५ ते ८५ टक्के हवी. कोल्हापूरच्या पावसाळ्यात अडचण नाही, पण हिवाळ्यात आणि मार्च-एप्रिलात उघडी जाळी म्हणजे घातच. वाळूतल्याला न हलवता पिंजऱ्याभोवती प्लॅस्टिक गुंडाळा, थोडी फट ठेवा, वाळू ओलसर राहू द्या.

दुसऱ्याला मात्र आजच झाकणाच्या काचेच्या टाकीत हलवा. पाच भाग धुतलेली बारीक वाळू, एक भाग नर्सरीतलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). मूठ वळली तर आकार राहावा, पाणी गळू नये. थर किमान १५ सेंटीमीटर. आत आर्द्रता मोजायचा हायग्रोमीटर ठेवा. तापमान २४ ते २९ अंश. थंडीत हीट मॅट (विजेवर ऊब देणारी चटई) लावायची तर टाकीच्या मागच्या बाजूला, तळाला कधीच नाही, कारण खाली पुरलेला खेकडा भाजतो.

पाण्याची भांडी दोन: एक गोडं, एक खारं, बुडता येईल इतकी खोल आणि बाहेर पडायला आत दगड. नळाच्या पाण्यात ॲक्वेरियमच्या दुकानातले अँटीक्लोरीनचे थेंब टाका. खाऱ्यासाठी लिटरला साधारण ३५ ग्रॅम मरीन सॉल्ट, म्हणजे ॲक्वेरियमसाठीचं समुद्री मीठ. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही.

खाणं सोपं आहे. बिनमिठाचा सुकट जवळा, ओलं खोबरं, उकडलेलं अंडं, गाजर, पपई. अंड्याच्या टरफलाचा चुरा कायम ठेवा. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस (माकूळाचं हाड) मिळतो, त्याचा तुकडाही ठेवा. मीठ-मसाला लागलेलं काही नको. रात्री द्या, सकाळी उरलेलं काढा.

रंगवलेले शंख असतील तर खेकड्याला ओढून काढू नका, तो तुटेल पण सोडणार नाही. थोडे मोठे, गोल तोंडाचे, बिनरंगाचे शंख उकळून, गार करून शेजारी ठेवा. तो आपला आपण बदलतो.

आणखी खेकडे आणू नका. दुकानातले जवळजवळ सगळे किनाऱ्यावरून पकडलेले असतात, कारण त्यांच्या अळ्या समुद्रातच वाढतात. मालवणला गेलात तर लाटांच्या कडेचे शंखवालेही उचलू नका. ते बहुतेक समुद्री जातीचे असतात, या टाकीत जगत नाहीत. आणि सांभाळणं जमलं नाही म्हणून घरचे खेकडे रंकाळा तलावात सोडू नका, पाण्यातून बाहेर पडता आलं नाही तर ते बुडून मरतील.