पेन्शन १४०० आणि आहेर ५०१

"म्हातारपणी हात पसरायची वेळ येईल का हो मॅडम?" परभणीत माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या इतक्या जणांनी हा प्रश्न विचारलाय की आता माणूस खुर्चीत बसला की चेहऱ्यावरूनच कळतं. त्यातल्याच एका काकांचं सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून.

काका ६८ चे, कापसाच्या जिनिंगमधे हिशेबनीस होते. पीएफ लेकीच्या लग्नात आणि पोराच्या शिक्षणात गेला, पेन्शन १४००, दोन एकर कोरडवाहू बटईनं दिलेलं. काकू ६३ च्या, लाडक्या बहिणीचे १५०० येतात (तेही ६५ पर्यंतच). "भागंना गेलंय, झोप बी लागंना."

बचतीचं मी काही बोललेच नाही, नाहीच तर करणार कुठून. म्हटलं महिनाभर कॅलेंडरच्या मागं खर्च लिहा. मे महिना होता. पुढच्या वेळी कॅलेंडर काकूच घेऊन आल्या, किराणा, बीपीच्या गोळ्या आणि सात लग्नं, प्रत्येक ठिकाणी ५०१ चं पाकीट. म्हणजे ३५०७, दोघांच्या मिळून येणाऱ्या २९०० पेक्षा जास्त!

"काका, तुम्ही हिशेबनीस, हे दिसलं नाही?"

"दिसतंय की. पण पाकीट नाही दिलं तर लोकं म्हणतील, ह्यांचं संपलं."

मला वाटतं काळजी पैशाची दिसते पण खाली लाज असते, आणि लाज नुसत्या समजावण्यानं जात नाही, एकदा करूनच बघावं लागतं. पुढच्या लग्नाला पाकिटाशिवाय जा म्हटलं. दोन बैठका नुसत्या ह्याच्यावर गेल्या, एकदा तर काका चिडून उठलेच.

मग एका सोमवारी आले ते हसतच. "मांडवाच्या दारात वहीवाला म्हणला, नाव लिहू का काका? म्हटलं लिही, आकडा नको. तो म्हणला बरं, जेवून जा." एवढंच. पण ते तीनदा सांगितलं त्यांनी, आणि खरं सांगते, मलाही त्या दिवशी जेवण गोड लागलं.

त्यानंतर पोराला पेन्शनचा आकडा सांगणं सोपं गेलं. पुण्यातल्या त्या पोराला वाटायचं दहा-बारा हजार येत असतील! आता महिन्याला ३००० आईच्या खात्यावर टाकतो.

बाकी कामाचं. वय ६५ आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजाराच्या आत असेल तर श्रावणबाळचे महिना १५०० मिळतात, तहसीलला अर्ज करा (काका त्यात बसले नाहीत). सत्तरी झाली की आयुष्मान कार्ड काढा, ५ लाखापर्यंत उपचार, उत्पन्नाची अट नाही. एसटीत ६५ नंतर अर्धं तिकीट, ७५ नंतर फुकट. पोरं बघतच नसतील तर २००७ च्या कायद्यानं उपविभागीय अधिकाऱ्याकडे पोटगी मागता येते. आणि भावकी कितीबी म्हणली तरी जित्तेपणी सातबारा पोराच्या नावावर करू नका, बक्षीसपत्र करायचंच असेल तर सांभाळायची अट त्यातच लिहून घ्या, तोंडी नको.