सर्व्हिसिंग वेळेवर होत असेल तर मधेमधे इंजिन ऑइल तपासायची खरंच गरज असते का?

तुम्ही विचारलंय की सर्व्हिसिंग वेळच्या वेळी होतंय, डॅशबोर्डवर कुठला दिवा लागत नाही, मग उगाच बोनेट उघडून ऑइल बघत बसायची कटकट कशाला, आणि बघायचंच तर किती दिवसांनी आणि नक्की कसं. हा प्रश्न मला वेळेत पडला असता तर बरं झालं असतं, कारण मी पण अगदी याच समजात होतो आणि थोडक्यात वाचलो.

उत्तर हो असं आहे. महिन्यातून एकदा किंवा हजार किलोमीटरला एकदा, जे आधी होईल ते, आणि लांब जायचं असेल तर आदल्या दिवशी. काम दोन मिनिटांचं आहे, हात पण फारसे खराब होत नाहीत.

आधी त्या दिव्याचं बोलू कारण सगळा घोळ तिथेच होतो. तो लाल झारीचा दिवा, चोचीतून थेंब पडतानाचा, तो ऑइल किती आहे ते सांगतच नाही, तो प्रेशर सांगतो. इंजिनच्या खालच्या चेंबरमध्ये ऑइल असतं, त्यात एक नळी बुडालेली असते आणि पंप त्या नळीतून ऑइल ओढून वर क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा), कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), टर्बो (इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा) असेल तर टर्बो, सगळीकडे दाबाने पाठवतो. पळत्या इंजिनात हा दाब साधारण २ ते ४ बार (दाब मोजायचं एकक) असतो आणि दिवा लागतो तो बऱ्याच गाड्यांत अर्धा बार किंवा त्याहून खाली आल्यावर. आता विचार करा, चेंबरमधलं निम्मं ऑइल संपलं तरी नळीचं तोंड बुडालेलं असेपर्यंत प्रेशर ठीकच दिसणार आणि दिवा गप्पच बसणार. ज्या दिवशी तो लागेल त्या दिवशी नळी हवा ओढायला लागलेली असते. म्हणून तो लागला की "पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ" असलं काही करायचं नाही, गाडी बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद. काही गाड्यांत लेव्हल कमी झाल्याचा वेगळा पिवळा दिवा असतो, पण तो सगळ्यांत नसतो, तुमच्या गाडीत आहे का ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

माझं काय झालं ते सांगतो. सेकंडहँड पेट्रोल गाडी घेतली होती, ८० हजार किलोमीटर पळालेली. घेतल्या घेतल्या ऑइल आणि फिल्टर बदलून घेतलं आणि निवांत झालो, म्हटलं आता १० हजारापर्यंत बघायला नको. महिना-दोन महिन्यांनी सकाळी गाडी चालू केली की पाच-दहा सेकंद टिकटिकटिक असा आवाज यायचा आणि मग बंद व्हायचा, मी म्हटलं जुनी गाडी आहे, असणारच. मग एकदा चढावरच्या वळणावर तो लाल दिवा अर्धा सेकंद लुकलुकला आणि गेला. मला वाटलं वायर लूज असेल. हो, खरंच असंच वाटलं, आणि मी आणखी दोन दिवस गाडी चालवली! तिसऱ्या दिवशी सहज बोनेट उघडलं, ऑइलची लेव्हल मोजायची पट्टी (डिपस्टिक) काढली तर कोरडी. पुसली, परत घातली, परत काढली, तरी कोरडीच, नुसत्या टोकाला एक थेंब लोंबत होता. एक लिटरचा अख्खा डबा ओतला तेव्हा कुठे ऑइल पट्टीवरच्या खालच्या, म्हणजे कमीत कमी लेव्हलच्या, खुणेच्या जरासं वर आलं. म्हणजे साडेतीन लिटर ऑइल मावणाऱ्या इंजिनात जेमतेम पावणेदोन लिटर घेऊन मी फिरत होतो, आणि शेवटची सर्व्हिसिंग होऊन झाले होते फक्त ६ हजार किलोमीटर. वळणावर उरलेलं ऑइल एका बाजूला सरकायचं आणि नळी उघडी पडायची, एवढा सरळ हिशोब होता, वायरचा काही संबंध नव्हता. सकाळची टिकटिक पण व्हॉल्व्ह दाबणाऱ्या टॅपेटपर्यंत ऑइल उशिरा पोचत असल्याची होती.

त्यात नुकसान का होतं तर क्रँक आणि त्याच्या बेअरिंगमध्ये जी फट असते ती मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शात मोजतात, ०.०३ ते ०.०६ मिलिमीटर वगैरे, म्हणजे डोक्याच्या केसाएवढी किंवा त्याहून बारीक. क्रँक खरं तर बेअरिंगवर टेकतच नाही, त्या फटीतल्या ऑइलच्या थरावर तरंगत फिरतो. तो थर तुटला की धातूला धातू घासतो, बेअरिंग तापतं, चिकटतं आणि मग इंजिनचं काम निघतं, ज्याच्यापुढे ऑइलचा खर्च म्हणजे चिल्लर. टर्बोवाल्यांनी तर जास्तच जपायला पाहिजे कारण तो मिनिटाला लाखभर आणि वर फेरे फिरतो आणि त्याला ऑइलशिवाय दुसरा आधार नाही.

आता "पण ऑइल जातं कुठे, खाली तर एक डाग पडत नाही" हे सगळे विचारतात. जळतं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल थोडं थोडं वर जातं आणि पेट्रोलबरोबर जळतं, व्हॉल्व्हचे सील कडक झाले की वरून खाली झिरपतं, आणि इंजिनच्या आतली वाफ परत इंजिनला द्यायचा जो पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो तो चिकटला तर ऑइल चक्क हवेबरोबर ओढलं जातं. निळा धूर दिसतो तो प्रमाण बरंच वाढल्यावर, थोडंथोडं जळत असेल तर सायलेन्सरमधून काहीच कळत नाही. आणि नवीन गाडी आहे म्हणून निश्चिंत राहू नका, बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत ऑइल खर्च होणं नॉर्मल म्हणून लिहिलेलं असतं, काही तर त्याहून जास्त लिहितात. आता गणित करा, पट्टीवरच्या दोन खुणांमधलं अंतर पुष्कळ गाड्यांत एक लिटरच्या आसपास असतं. हजाराला ३०० मिली खाणारी गाडी साडेतीन हजारातच खालच्या खुणेखाली जाणार, आणि पुढची सर्व्हिसिंग आहे १० हजाराला. मधल्या साडेसहा हजारात कोण बघणार? गॅरेजवाला नाही बघणार, गाडी तुमच्याकडे आहे.

बघायचं कसं. गाडी सपाट जागेवर पाहिजे, उतारावर लावली की रीडिंग सरळ सरळ खोटं येतं. इंजिन बंद करून निदान पाच-दहा मिनिटं थांबायचं म्हणजे वर गेलेलं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं. काही मॅन्युअल म्हणतात इंजिन गरम करून मग थांबून बघा, काही म्हणतात थंडच बघा, तुमचं मॅन्युअल जे म्हणतं ते धरा. फरक का पडतो तर ऑइल तापलं की फुगतं, ४ लिटर ऑइल २० डिग्रीवरून ९० डिग्रीला गेलं की अंदाजे २०० मिलीने वाढतं, म्हणजे दोन खुणांमधल्या अंतराचा पाचवा हिस्सा. म्हणून एकदा गरम एकदा थंड असं बघाल तर गाडी ऑइल खाते की नाही तेच कळणार नाही. मी सकाळी, रात्रभर उभी असलेली गाडी, त्याच जागेवर, हलवायच्या आधी बघतो.

पट्टी बाहेर काढायची आणि पहिलं रीडिंग वाचायचंच नाही, कारण ऑइल उडून पट्टीच्या नळीला आणि पट्टीला वरपर्यंत लागलेलं असतं. धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसायची, परत पूर्ण आतपर्यंत दाबायची (अर्धवट राहिली की रीडिंग कमी दिसतं), आणि मग सावकाश काढून बघायची. दोन्ही बाजू बघा. एका बाजूला ओघळ लागून लेव्हल जास्त दिसते, जी बाजू कमी दाखवते ती खरी. नवीन ऑइल इतकं पारदर्शक असतं की नीट दिसतच नाही, तेव्हा पट्टी आडवी धरून उजेडात तिरकी करायची, ओली बाजू चमकते आणि कुठे संपते ते कळतं. एक सांगायचं राहिलं, काही ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सच्या ऑइलची पण वेगळी पट्टी असते, आणि त्यातलं ऑइल बहुतेक वेळा लालसर असतं, ती काढून "ऑइल कमी आहे" म्हणून इंजिनमध्ये ओतणारे महाभाग मी पाहिलेत. आणि काही नव्या गाड्यांत पट्टीच नसते, सेन्सर असतो, तिथे स्क्रीनवरच्या मेन्यूत जाऊन बघायचं, तेही महिन्यातून एकदा आठवणीने.

लेव्हल दोन खुणांच्या मधे कुठेही असली तरी चालते, वरच्या खुणेलाच पाहिजे असं काही नाही. मला विचाराल तर एका रीडिंगला फारसा अर्थच नाही. आज मध्यावर आहे, बरं मग? मागच्या महिन्यात कुठे होतं ते माहीत असेल तर त्या मध्याला अर्थ येतो. म्हणून मी मोबाइलच्या नोट्समध्ये एवढंच लिहितो, किलोमीटर, तारीख, पट्टीवर पाव-निम्मं-पाऊण काय ते, आणि ओतलं असेल तर किती मिली. त्या गाडीचं असं दोन महिने लिहिल्यावर कळलं की ती हजाराला ३०० मिली खाते. मेकॅनिकला "ऑइल खाते" असं म्हटलं असतं तर तो सरळ इंजिन उघडायचं म्हणाला असता, पण आकडे दाखवल्यावर त्याने आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवून बघितला. तो हलवल्यावर खुळखुळ वाजायला पाहिजे, आमचा मठ्ठपणे गप्प. बदलला, आणि त्यानंतर हजाराला १५० मिलीच्या आसपास आलं. उरलेलं रिंगांचं असणार, तेवढ्यासाठी इंजिन उघडायचं नाही असं आमचं दोघांचं ठरलं.

लेव्हल वाढत असेल तर मात्र जास्त घाबरा. ऑइल स्वतःहून वाढत नाही, त्यात दुसरं काहीतरी मिसळतंय. डिझेल गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर त्यात साठलेली काजळी जाळायला गाडी जादा डिझेल सोडते, आणि तुमचं फिरणं रोजचं चार-पाच किलोमीटरचंच असेल तर ते जाळणं अर्धवट राहतं आणि डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. लेव्हल वर, ऑइल पातळ, पट्टीला इंधनाचा वास. असं दिसलं तर ऑइल बदलायचं, "जास्तच आहे ना, चांगलंय" म्हणायचं नाही. आणि ऑइल दुधाळ, फेसाळ खाकी झालं असेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) आत शिरलंय, बहुतेक हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागामधलं सील) गेलंय, गाडी चालवत नेऊ नका, टो करा. नुसत्या ऑइल ओतायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला थोडी पिवळट साय दिसली तर ती थंडीत कमी अंतर फिरल्यामुळे साठलेली वाफ पण असू शकते, आधी पट्टीवरचं ऑइल आणि कूलंटची लेव्हल बघा.

काळा रंग बघून मात्र टेन्शन घेऊ नका. डिझेलमध्ये नवीन ऑइल काहीशे किलोमीटरमध्येच काळं होतं, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

ओतताना घाई नको. नरसाळं लावून २०० मिली, थांबा, पट्टी बघा, परत २००. वरच्या खुणेच्या वर गेलं तर क्रँक फिरताना ऑइलला फटके मारतो, फेस होतो, आणि फेसाने प्रेशर राहत नाही, शिवाय सीलमधून गळती आणि जळलेलं ऑइल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेत धूर स्वच्छ करणारा भाग) खराब करतं ते वेगळंच. ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तीच, ५डब्ल्यू-३० म्हणजे ५डब्ल्यू-३० (डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडीत किती पातळ राहतं त्याचा आकडा), आणि डीपीएफवाल्या डिझेलला कमी राखेचं ऑइल लागतं, तेही डब्यावर बघून घ्या. अडचणीत सापडलात आणि नेमकी ग्रेड मिळत नसेल तर जवळची दुसरी कार इंजिन ऑइलची ग्रेड अर्धा लिटर घातलेली चालेल, कोरडी गाडी चालवण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं. त्याच ग्रेडचा एक लिटरचा डबा डिकीत पडलेला असू द्या.

आणि झाकण. ओतून झालं की झाकण लावलं का ते बघा, मग पट्टी पूर्ण बसली का ते बघा, आणि फडकं हातात आहे का ते पण बघा. मी एकदा झाकण बॅटरीवर ठेवून बोनेट लावलं होतं, १५ किलोमीटरवर जळका वास यायला लागला म्हणून थांबलो, तर अर्धं इंजिन ऑइलने माखलेलं, आणि झाकण त्याच जागी बॅटरीवर आरामात बसलेलं.